पंधरा सेंट आणि बंद वही

२०२४च्या फेब्रुवारीअखेर एएमडी कंपनीच्या लिनक्स ग्राफिक्स ड्रायव्हरवर काम करणाऱ्या अभियंत्याने एका जुन्या तक्रारीला जाहीर उत्तर दिलं. तक्रार जानेवारी २०२१ची. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर 'एचडीएमआय २.१' छापलेलं, टीव्हीच्या खोक्यावर तेच, मधली केबलही त्याच दर्जाची. मग लिनक्स लावलं की ४के चित्र सेकंदाला साठवरच का अडतं? १२० का मिळत नाही? उत्तराचा मतलब असा की कोड आम्ही लिहिला होता, एचडीएमआय फोरम या संस्थेपुढे ठेवलाही होता, पण संस्थेने तो नामंजूर केला. त्यांच्या अटी न मोडता २.१चा ओपन सोर्स ड्रायव्हर देणं सध्या शक्य नाही.

कुठे परवान्याचं काम अडलं की आपण आधी पैशाचा संशय घेतो. इथे तो संशय फुकट आहे. एएमडी रीतसर परवानाधारक कंपनी. तेच कार्ड, तोच टीव्ही आणि तीच केबल विंडोजवर बिनतक्रार १२०ने चालतात. ज्याने कार्ड विकत घेतलं त्याने चिपचे पैसे मोजले आणि त्यातच पेटंटांची रॉयल्टीही भरली. अडलं ते एवढ्यावरच, की लिनक्सचा ड्रायव्हर कोणालाही उघडून वाचता येतो.

अडलेला भाग नेमका कोणता, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. एकेका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला १२० चित्रं धाडायची तर सुमारे २४ गिगाबिट नुसत्या चित्राचे. आवाज आणि ओळींच्या मधली रिकामी जागा यांचा हिशेब वेगळा. सप्टेंबर २०१३मध्ये आलेला एचडीएमआय २.० तारेवर १८ गिगाबिट नेतो. त्यातही दर आठ बिटांमागे दोन बिट सांकेतिक भरतीचे, म्हणजे हातात पडतात १४.४. नोव्हेंबर २०१७च्या २.१ने तारेवरची मर्यादा एकदम ४८ गिगाबिटवर नेली. जुन्या पद्धतीत केबलमधल्या तारांच्या तीन जोड्या चित्र वाहत आणि चौथी नुसते घड्याळाचे ठोके देई. नव्या पद्धतीने चौथीलाही कामाला जुंपलं. ठोके वेगळे पाठवायचे नाहीत, येणाऱ्या बिटांवरून पलीकडच्याने ते ओळखायचे. चार जोड्या, प्रत्येकी बारा गिगाबिट. या पद्धतीला 'एफआरएल' म्हणतात.

एवढ्या वेगात तारा सरळ वागत नाहीत. केबल लांब असेल, कनेक्टर सैल असेल तर सिग्नल विस्कटतो. म्हणून चित्र सुरू होण्याआधी दोन्ही टोकांची बोलणी होतात. बारा झेपेल? नाही? मग दहा. सिग्नलचा आकार थोडा बदलून पाहू. अजून नाही? मग आठ. याला 'लिंक ट्रेनिंग' म्हणतात. ही बोलणी कोणत्या क्रमाने करायची, कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं, उत्तराची किती वाट पाहायची, हे सगळं स्पेकमध्ये, म्हणजे मानकाच्या तांत्रिक वहीत, लिहिलेलं असतं, आणि २.१चं स्पेक गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय हाती पडत नाही. एकेकाळी, १.३च्या आवृत्तीच्या दिवसांत, स्पेकची प्रत कोणालाही उतरवून घेता येई. २.०पर्यंतची करामत खुल्या ड्रायव्हरमध्ये बिनबोभाट बसलेलीही आहे. दार बंद झालं ते २.१पाशी.

सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून लावलेली कुलपं ती हीच, असं कोणाला वाटेल. ती कुलपं वेगळी. त्यांचं नाव एचडीसीपी, त्यांचा परवाना इंटेलच्या उपकंपनीकडे. त्यांची मास्टर की सप्टेंबर २०१०मध्ये इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलला मान्य करावं लागलं. गंमत म्हणजे हे कुलूप लावणारा-काढणारा कोड २०१८पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सर्वांसमोर आहे. किल्ल्या चिपच्या पोटात असतात, त्यामुळे कोड वाचून कोणाच्या हाती काही लागत नाही. म्हणजे कुलपाचा कोड उघडा आणि तारेचा वेग ठरवण्याची बोलणी गुप्त.

टीव्ही स्वतः मात्र काही लपवत नाही. प्रत्येक टीव्ही आणि मॉनिटरच्या पोटात 'एडिड' नावाची छोटी नोंद असते आणि केबल जोडताच संगणक ती वाचतो. लिनक्समध्ये ती साध्या फाइलसारखी उघडता येते. घरातला टीव्ही जोडून मी ती उघडून पाहिली. सुरुवात ठरलेली: शून्य-शून्य, मग सहा वेळा एफएफ, पुन्हा शून्य-शून्य. लगेच निर्मात्याच्या नावाची तीन अक्षरं, पाच-पाच बिटांत दाबून दोन बाइटमध्ये बसवलेली. मग उत्पादनाचा आठवडा, आणि १९९०पासून मोजलेलं वर्ष. पुढच्या ब्लॉकमध्ये उलट क्रमाने डी८, ५डी, सी४. हा एचडीएमआय फोरमचा ओळखक्रमांक. त्याच्या पुढच्या काही बाइटपैकी एकाच्या वरच्या चार बिटांत आकडा होता सहा, म्हणजे चार जोड्या, प्रत्येकी बारा गिगाबिट. टीव्ही स्वच्छ शब्दांत सांगत होता की ४८ गिगाबिट पाठवा, मी तयार आहे. या नोंदीचा अर्थ लावून देणारा प्रोग्रामही ओपन सोर्स आहे, आणि त्यात या सहाचा अर्थ लिहिलेला आहे. म्हणजे काय जमतं ते सर्वांना ठाऊक. कसं जमवायचं ते सांगायला बंदी.

काही टीव्हींवर २.०मधूनही १२० काढता येतात, पण रंगांना कात्री लावून. चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद पाठवायची, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. सिनेमा पाहताना हे कळतही नाही. निळ्यावर लाल अक्षरं असलेली एखादी खिडकी उघडा, अक्षरांच्या कडा ओल्या शाईसारख्या पसरलेल्या दिसतात. अनुस्वार आणि रफार वाचायचे असतील तर डोळे लगेच तक्रार करतात.

आता पैशांकडे. एचडीएमआयचा जन्म डिसेंबर २००२चा. मूळ मंडळी हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा. चिप बनवणारी सिलिकॉन इमेज सोडली तर सगळी टीव्ही आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्सवाली घराणी. (टीव्हीच्या मागे एचडीएमआयचा प्रतिस्पर्धी डिस्प्लेपोर्ट का नसतो, याचं बरंचसं उत्तर या यादीतच आहे.) २०११मध्ये पुढच्या आवृत्त्यांसाठी फोरम स्थापन झाली. परवान्याचे दर जाहीर आहेत. मोठ्या उत्पादकाला वर्षाला दहा हजार डॉलर. छोट्याला पाच हजार आणि नगामागे एक डॉलर. शिवाय प्रत्येक वस्तूमागे रॉयल्टी १५ सेंट, पण लोगो नीट छापलात तर ५ आणि एचडीसीपीही बसवलंत तर ४. लोगो छापण्यासाठी दिलेली ही सूट पाहिली की दहा सेंटांपेक्षा आपलं नाव घरोघर पोचण्याची किंमत जास्त धरली होती, हे दिसतं.

शेजारी डिस्प्लेपोर्ट ठेवून पाहू. हे संगणकवाल्यांचं अपत्य. व्हेसा या संस्थेने २००६मध्ये पहिली आवृत्ती काढली. व्हेसा स्वतः रॉयल्टी घेत नाही. पण २०१५मध्ये एमपीईजी एलए या पेटंट-संकलक कंपनीने सोनी, फिलिप्स यांच्यासह काही कंपन्यांची पेटंटं एका टोपलीत गोळा केली आणि डिस्प्लेपोर्टच्या प्रत्येक वस्तूमागे २० सेंट मागितले. म्हणजे पेटंटांच्या बाजारात डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयपेक्षा महागसुद्धा पडू शकतो. तरी त्याचा संपूर्ण ड्रायव्हर, लिंक ट्रेनिंगसकट, लिनक्समध्ये ओळीन्‌ओळ उघडा आहे आणि त्यावर कोणी हरकत घेतलेली नाही. वीस सेंटवाला उघडा, पंधरा सेंटवाला बंद. माझ्या मते हे सगळं प्रकरण समजायला एवढी तुलना पुरते.

पेटंट हा मुळात सौदा असतो. तू तुझी युक्ती जगजाहीर कर, त्या बदल्यात वीस वर्षं तिच्यावर तुझा हक्क. पेटंट गुप्त राहूच शकत नाही. ते छापलं जातं, वाचता येतं, आणि एक दिवस संपतं. ओपन सोर्सचं पेटंटाशी भांडण आहे, नाही असं नाही. कर्नलचा परवाना म्हणजे जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची दुसरी आवृत्ती. तिचं सातवं कलम बजावतं की पेटंटामुळे पुढच्याला मोकळेपणाने प्रत देता येत नसेल, तर तुम्हीही ती वाटू नका. प्रती कोणी किती काढल्या याचा हिशेबच नसतो, तिथे प्रतीमागे रॉयल्टी कोण कशी गोळा करणार? पण वस्तू विकताना रॉयल्टी भरली गेली असेल तर ही गाठ सुटते. गुप्ततेची गाठ मात्र कितीही पैसे मोजले तरी सुटत नाही, कारण चालता ड्रायव्हर उघडा ठेवणं म्हणजे स्पेकच्या त्या बंद वहीतली बरीचशी पानं छापून वाटणंच. आणि गुपिताला वीस वर्षांची मुदत नसते. आपल्याकडे घराण्यांच्या बंदिशी उस्तादांच्या वह्यांत आणि गळ्यांत कुलूपबंद होत्या. भातखंड्यांनी त्या मिळवून स्वरलिपीसह छापल्या तेव्हा काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण गाण्याचं नुकसान झालं नाही. फरक इतकाच की भातखंड्यांनी कोणाच्या करारावर सही केली नव्हती. एएमडीच्या अभियंत्यांनी केली आहे.

पेटंट संपण्याची वाट पाहून सुटलेला एक प्रश्न आठवतो. खेळांतल्या पृष्ठभागांची चित्रं दाबून लहान करण्याची 'एस३टीसी' ही पद्धत एस३ ग्राफिक्सच्या पेटंटाखाली होती. लिनक्सच्या मेसा या ग्राफिक्स संचात ती घालता येत नसे. ज्याला हवी त्याने एक वेगळी लायब्ररी स्वतः शोधून, स्वतःच्या जबाबदारीवर बसवायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. ऑक्टोबर २०१७च्या सुरुवातीला पेटंट संपलं आणि काही दिवसांतच तो कोड मेसात दाखल झाला.

दुसरा प्रश्न मालकाचं मन पालटल्यामुळे सुटला, आणि तो जास्त बोलका आहे. कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड हातात घ्या. २००९मध्ये आलेल्या एसडीएक्ससी मानकाने ३२ जीबीच्या वरच्या कार्डांना मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही फाइलव्यवस्था बंधनकारक केली. एक्सफॅट २००६ची, पेटंटांनी वेढलेली. त्याच २००९च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने नेदरलँड्सच्या टॉमटॉम या दिशादर्शक यंत्रवाल्या कंपनीवर दावा ठोकला. एक्सफॅटची थोरली बहीण फॅट, तिच्यातली लांब नावांची पेटंटं त्यात होती, आणि टॉमटॉमची यंत्रं लिनक्सवर चालत. महिनाभरात तडजोड झाली, पण इशारा ज्याला समजायचा त्याला समजला. २०१३मध्ये सॅमसंगने लिहिलेला एक्सफॅटचा ड्रायव्हर बाहेर फुटला. त्यात जीपीएलचा कोड असल्याचं निघालं आणि त्या ऑगस्टमध्ये सॅमसंगला तो जीपीएलखाली रीतसर प्रसिद्ध करावा लागला. कोड उघडा, कायदेशीर, चालणारा. तरी कर्नलचं दार त्याला सहा वर्षं उघडलं नाही, कारण पेटंटं तशीच होती.

ऑक्टोबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्ट आपली ६० हजारांवर पेटंटं घेऊन ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या संघात आली. आयबीएम, रेड हॅट, सोनी, फिलिप्स, नॉवेल यांनी २००५मध्ये लिनक्सच्या रक्षणासाठी उभा केलेला हा संघ. २८ ऑगस्ट २०१९ला मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचं स्पेक प्रसिद्ध केलं आणि कर्नलमधल्या ड्रायव्हरला आपला पाठिंबा असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात कर्नलच्या ५.४ आवृत्तीमध्ये कच्चा ड्रायव्हर आला, मे २०२०अखेर ५.७मध्ये सॅमसंगचाच नवा, नीटनेटका. या हृदयपरिवर्तनाला मी साधुत्व म्हणणार नाही. तोवर मायक्रोसॉफ्टचा धंदा क्लाउडवर गेला होता, आणि तिथे भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर गिऱ्हाइकं लिनक्स चालवत होती. पेटंटाच्या वसुलीपेक्षा ते भाडं मोठं.

एचडीएमआय फोरमला असं भाडं मिळत नाही. टीव्ही विकणाऱ्याला, गिऱ्हाइकाच्या टेबलाखालच्या संगणकात कोणता ड्रायव्हर आहे याच्याशी काय देणंघेणं? विनोद असा की एलजीचं वेबओएस, सॅमसंगचं टायझेन, गूगलचं अँड्रॉइड टीव्ही, सगळ्यांच्या पोटात लिनक्सच आहे. केबलच्या त्या टोकाला लिनक्स चालतं, या टोकाला चालत नाही.

हावरेपणाने इंटरफेस मारल्याची गोष्ट तर जुनी आहे. १९९९मध्ये ॲपलने फायरवायर या आपल्या जोडणीसाठी पोर्टामागे एक डॉलर मागितला. ओरड झाल्यावर पेटंटं एकत्र केली गेली आणि दर यंत्रामागे २५ सेंटवर आला. तोवर इंटेलने तोंड फिरवलं होतं, आणि २०००च्या एप्रिलमध्ये यूएसबी २.० आला, विनारॉयल्टी, स्पेक कोणालाही उतरवून घेता येईल असा. पुढे काय झालं ते आपल्या टेबलावरच्या तारा पाहून सांगता येतं.

या सगळ्यात मला खरोखर खुपते ती शिक्षेची वाटणी. एएमडीने २००६मध्ये एटीआय विकत घेतली आणि २००७पासून चिपची माहिती उघडी करायला सुरुवात केली. तिचा लिनक्स ड्रायव्हर आज कर्नलमध्येच राहतो. एनव्हिडियाने २०२२च्या मेमध्ये कर्नलमधली मॉड्यूल खुली केली खरी, पण बरंचसं काम कार्डावरच्या बंद फर्मवेअरकडे सोपवून, आणि तिच्या कार्डांवर लिनक्समध्ये २.१ चालतो. इंटेलने आर्क मालिकेच्या काही कार्डांवर डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारी वेगळी चिपच बसवली. बोलणी ती चिप करते, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. नियम कोणीच मोडला नाही. ज्याने जास्त झाकलं त्याचं काम झालं आणि ज्याने उघडं ठेवलं तो अडकला. हा नियम हुशारीने केलेला आहे असं मला वाटत नाही.

आपल्याकडच्या कायद्याने यात काय फरक पडतो? डिसेंबर २००४च्या अध्यादेशाने सॉफ्टवेअर पेटंटांना दार किलकिलं केलं होतं. २००५मध्ये संसदेने ती तरतूद काढून टाकली, आणि पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ एक पाऊल पुढे जातं. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहजी मिळत नसेल, तर ती खणून काढायला ते मुभा देतं. पुण्यातल्या किंवा पणजीतल्या एखाद्या मुलीने तारेवरची बोलणी स्वतः टिपून ड्रायव्हर लिहायचा म्हटलं, तर इथला कायदा तिच्या अंगावर धावून येईल असं दिसत नाही. पण त्यासाठी लागणारं मोजमापाचं यंत्र तिच्या वर्षभराच्या पगारापेक्षा महाग असतं. आणि तिचा कोड तपासून पुढे सरकवणारे हात बहुतेक एएमडीचेच, म्हणजे कराराने बांधलेले.

फोरमवर दडपण येत आहे ते वेगळ्या दिशेने. नोव्हेंबर २०२५मध्ये संगणकावरचे खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम मशीन' जाहीर केलं. दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायचा, लिनक्सवर चालणारा खेळांचा डबा, आत एएमडीची चिप. हार्डवेअर २.१चं, पण तपशिलात पोर्ट मात्र २.० असं लिहिलेलं. डिसेंबरात व्हॉल्व्हने सांगितलं की सॉफ्टवेअरची अडचण सोडवण्याचे प्रयत्न सुरू आहेत, तोवर रंगांना कात्री लावून १२० देऊ. तिकडे फोरमने जून २०२५मध्ये २.२चं स्पेक काढलं, ९६ गिगाबिटचं, नव्या केबलसकट. चीनमध्ये शेन्झेनच्या कंपन्यांच्या संघाने जीपीएमआय नावाचा १९२ गिगाबिटचा आपला इंटरफेस मांडला आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवून केबल गळ्यात मारतो. लिनक्सवाल्याने खोक्याआधी यंत्राची मागची बाजू पाहावी. मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची तार घ्या आणि हा सगळा लेख विसरा. टीव्हीच असेल आणि कार्ड एएमडीचं असेल, तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ करणारा, आत स्वतःची चिप असलेला ॲडॅप्टर मागा. नुसती पिनांची अदलाबदल करणारा स्वस्तातला चालणार नाही. ४के १२० येईल, रंग पूर्ण येतील. खेळाच्या गतीप्रमाणे चित्रांचा वेग बदलण्याची सोय मात्र या ॲडॅप्टरांमधून भरवशाने मिळत नाही, तेव्हा परत घेण्याची मुदत किती ते पैसे देण्याआधीच विचारून ठेवा.